जुलैतली भ्रमंती आणि ऑगस्टमधला फुटबॉल

प्रश्न : इंग्लंडमधले मोठे फुटबॉल क्लब दरवर्षी जुलैमध्ये अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया असे हिंडतात. हंगामाआधी एवढी दगदग करून खेळाच्या दृष्टीने त्यांना काही मिळतं का, की हे फक्त पैशासाठी चालतं? आणि पैसाच हवा असेल, तर भारतात का येत नाहीत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रश्न कोल्हापूरहून आला याचा विशेष आनंद झाला. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने बघत वाढलेल्या माणसाला खेळ आणि खेळाभोवतीचा बाजार यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

पैशाचं आधी सांगतो. सामन्याचा स्थानिक आयोजक क्लबला ठरलेली रक्कम देतो आणि तिकिटं खपवण्याची जोखीम बहुतेक वेळा त्याच्याच डोक्यावर असते. पण खरी कमाई त्यापलीकडची आहे. 2012 मध्ये मँचेस्टर युनायटेडने शेवरोले या मोटार कंपनीशी जर्सीवरच्या नावासाठी सात वर्षांचा करार केला. रक्कम होती सुमारे 56 कोटी डॉलर. पुढच्याच वर्षी या कंपनीच्या मालकांनी युरोपच्या बाजारातून शेवरोलेच्या नेहमीच्या मोटारी काढून घेण्याचं जाहीर केलं. म्हणजे मँचेस्टरचा माणूस ज्या कंपनीची नवी गाडी घेऊ शकणार नव्हता, तिचं नाव त्याच्या लाडक्या संघाच्या छातीवर झळकत होतं. कंपनीला प्रेक्षक हवा होता तो चीनमधला, आग्नेय आशियातला. असा प्रेक्षक टिकवायचा तर त्याच्या शहरात अधूनमधून जावंच लागतं. प्रीमियर लीगच्या 2022 ते 2025 या काळातल्या प्रक्षेपण हक्कांत परदेशातून येणारी रक्कम पहिल्यांदाच ब्रिटनमधल्या रकमेच्या पुढे गेली. शिवाय तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा करायचा नाही, असा लीगचा नियम 2025-26 च्या हंगामापर्यंत होता. अशा बंधनांमुळे उत्पन्नाची प्रत्येक वाट क्लबला महत्त्वाची वाटते आणि त्यात मला गैर काही दिसत नाही. हाच पैसा पुढे खेळाडू विकत घ्यायला लागतो.

आता खेळ. दौऱ्याने संघ बिघडतो असं सरसकट म्हणणाऱ्यांनी विजेत्यांची यादी बघावी. 2016-17 ला चेल्सी, पुढची दोन वर्षं मँचेस्टर सिटी, 2019-20 ला लिव्हरपूल. सलग चार हंगामांतले हे विजेते त्या-त्या उन्हाळ्यात अमेरिकेला जाऊन आले होते. 2023 मध्ये सिटी जपान आणि दक्षिण कोरियाला गेली आणि पुन्हा विजेती ठरली. 2024 मध्ये लिव्हरपूल अमेरिकेत होतं. त्यांनीही लीग जिंकली. उलट 2021 मध्ये आर्सेनलचा फ्लोरिडा दौरा कोविडमुळे रद्द झाला, संघ ब्रिटनमध्येच राहिला आणि लीगमधले पहिले तिन्ही सामने एकही गोल न करता हरला.

मग दौरा फायद्याचाच, असं म्हणायचं का? नाही. या यादीतून तसंही सिद्ध होत नाही. जे क्लब श्रीमंत, त्यांनाच परदेशातून बोलावणं येतं आणि बहुतेक वेळा तेच जिंकतात. 2015-16 मध्ये लेस्टर सिटीने लीग जिंकून सगळ्या जगाला चकित केलं. त्या वर्षी त्यांची तयारी ऑस्ट्रियातलं शिबिर आणि घराजवळच्या लहान क्लबांशी सामने एवढ्यावरच झाली होती. दौरा केला की नाही यापेक्षा तो कसा आखला, यावर बरंच अवलंबून असतं आणि इथेच मला बरंच बोलायचं आहे.

2014 चा युनायटेडचा अमेरिका दौरा घ्या. नवे प्रशिक्षक लुई व्हॅन हाल विश्वचषकात नेदरलँड्सला तिसरं स्थान मिळवून देऊन नुकतेच रुजू झाले होते. 23 जुलैला लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडिनाला सामना, 26 ला डेन्व्हर, 29 ला वॉशिंग्टनजवळ, 2 ऑगस्टला मिशिगनमधलं ॲन आर्बर आणि 4 ऑगस्टला मायामी. तेरा दिवसांत पाच सामने आणि एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत अख्खा खंड पालथा. ॲन आर्बरला रेआल माद्रिदविरुद्धचा सामना बघायला 1 लाख 9 हजार 318 लोक आले. अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्याला तोवर एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. युनायटेड तो सामना जिंकला आणि तो ज्या सराव स्पर्धेतला होता, ती स्पर्धाही जिंकली. पण ही अंतरं आणि प्रायोजकांचे कार्यक्रम तयारीच्या आड येतात, अशी उघड तक्रार व्हॅन हाल यांनी केली होती. मग 16 ऑगस्टला स्वतःच्याच मैदानावर स्वान्सीकडून हार आणि दहा दिवसांनी दोन विभाग खालच्या मिल्टन कीन्स डॉन्सकडून 4-0 असा दारुण पराभव. सगळा दोष दौऱ्यावर टाकणं अन्यायाचं होईल, कारण संघ नवा होता आणि खेळण्याची पद्धतही नवी होती. पण ज्या प्रशिक्षकाला आपली पद्धत खेळाडूंच्या अंगवळणी पाडायची असते, त्याला सरावाच्या मैदानावरचे सलग दिवस लागतात. विमानात गेलेला दिवस त्याला परत मिळत नाही.

शरीराचा हिशेब आणखी कडक आहे. साधारणपणे घड्याळ जितके तास पुढेमागे होतं, तितके दिवस शरीराला स्थिरावायला लागतात. पूर्वेकडे जाताना त्रास जास्त. इंग्लंडहून टोकियोला जाऊन आठवड्यात परतायचं म्हणजे तिथे झोप लागायला लागते तोच परतीचं विमान समोर उभं.

आणि मैदानं! माझा सर्वांत मोठा आक्षेप मैदानांवर आहे. अमेरिकेतली प्रचंड स्टेडियमं मुळात तिथल्या अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेली. लॉस एंजेलिसच्या सोफाय स्टेडियममध्ये एरवी कृत्रिम गवत असतं. आपल्या फुटबॉलच्या सामन्यापुरतं त्यावर खरं गवत आणून अंथरतात. जुलै 2024 मध्ये तिथे आर्सेनलविरुद्ध खेळताना युनायटेडचा अठरा वर्षांचा लेनी योरो पायाचं हाड मोडून बसला. लीलहून पाच कोटी पौंडांच्या वर मोजून त्याला आणलं होतं. पहिला अधिकृत सामना खेळायला त्याला डिसेंबर उजाडला. त्याच सामन्यात रासमुस होयलुंडही जखमी झाला. त्याआधीच्या वर्षी शिकागोच्या सोल्जर फील्डवर चेल्सीच्या क्रिस्तोफर एन्कुंकूचा गुडघा दुखावला. तिथल्या मैदानावर बरीच टीका झाली आणि तोही डिसेंबरपर्यंत बाहेर राहिला. दुखापत घरीही होते हे मान्यच आहे. लेस्टरच्या वेस्ली फोफानाचा पाय 2021 मध्ये स्वतःच्या मैदानावरच्या सराव सामन्यात मोडला होता. पण जिथल्या जमिनीची खात्री नाही, तिथे क्लबने आपली सर्वांत मोलाची माणसं उतरवू नयेत, एवढी अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

चांगली आखणी कशी असते तेही सांगतो. युर्गेन क्लॉप लिव्हरपूलला असताना 2018 आणि 2019 मध्ये संघ आधी अमेरिकेला गेला, पैसा आणि प्रेक्षक दोन्ही सांभाळले आणि परतल्यावर फ्रान्समधल्या एव्हियाँला शांत शिबिर केलं. तिथे गर्दी नाही, जाहिरातींचं चित्रीकरण नाही, नुसता सराव. पहिल्या हंगामाअखेर त्यांनी युरोपचा चषक जिंकला, दुसऱ्यात लीग.

हंगाम संपल्या संपल्या निघणाऱ्या दौऱ्यांना मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. 2024 मध्ये लीगचा शेवटचा सामना 19 मे रोजी झाला आणि 22 मेला टॉटनहॅम आणि न्यूकॅसल मेलबर्नच्या मैदानावर उभे होते. सामन्याला 78 हजारांवर माणसं आली, म्हणून तो निर्णय योग्य ठरत नाही. 2025 मध्ये युनायटेड पंधराव्या क्रमांकावर घसरलं, युरोपा लीगची अंतिम लढत हरलं आणि त्याच थकल्या अंगाने क्वालालंपूरला गेलं. तिथे आग्नेय आशियाच्या निवडक खेळाडूंच्या संघाने त्यांना 1-0 हरवलं आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. मलेशियातल्या त्या प्रेक्षकाचा राग मला रास्त वाटतो. तो वर्षभर रात्री जागून सामने बघतो. संघ दारात आल्यावर त्याला खरा खेळ बघायला मिळायला हवा.

राहिला भारत. यांचे दौरे जुलैत असतात आणि जुलैत मुंबई, गोवा, कोलकाता पाण्यात. पावसाने मैदान बिघडलं की काय होतं, हे या क्लबांनी अनुभवलं आहे. 2016 मध्ये बीजिंगच्या बर्ड्स नेस्टमध्ये दोन्ही मँचेस्टरांचा सामना होता, पण पावसाने मैदानाची अशी दुर्दशा केली की तो सामन्याच्या दिवशीच रद्द करावा लागला. एवढा धोका पत्करून भारतात यायचं तर तिकीट महाग ठेवावं लागेल आणि त्या दराने स्टेडियम भरेल अशी खात्री अजून कुठल्या आयोजकाला वाटत नसावी.

एक संघ महाराष्ट्रात आला होता, पण ऑक्टोबरमध्ये. 2011 साली ब्लॅकबर्न रोव्हर्सने पुण्यात बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध सामना खेळला. क्लबचे मालक पुण्याचेच, कोंबडीच्या व्यवसायातले वेंकीज. हंगाम ऐन सुरू होता, आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीगला सुट्टी होती आणि संघ गुणतक्त्यात तळाशी चाचपडत होता. त्यातच हा प्रवास लादल्याने ब्लॅकबर्नचे चाहते संतापले होते. त्यांचं म्हणणं मला पटतं, कारण ती सुट्टी संघाला सरावासाठी हवी होती. हंगामाअखेर ब्लॅकबर्न खालच्या विभागात गेलं. त्याची कारणं पुण्याच्या सामन्याहून पुष्कळ मोठी होती. पण मालकाच्या गावात खेळून क्लबला नवा चाहतावर्गही लाभला नाही. पुण्यातली पोरं तेव्हाही युनायटेड, आर्सेनल आणि चेल्सीच्याच जर्सी घालत होती.