पूर, टँकर आणि पलटण

खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये माझी नोकरी झाली. सॅपर म्हणजे पलटणीचा गवंडी, सुतार, नावाडी आणि सुरुंगवाला, सगळं एकाच वर्दीत. पेन्शन सुरू झाल्यावर किन्हवली-सरळगाव रस्त्यालगतच्या आमच्या भातशेतीवर परत आलो. म्हणजे एक पाय शहापुरात, दुसरा मुरबाडात. संध्याकाळी पोरं हमखास विचारतात, "फौजी काका, चीनशी लढाई होईल का?" लढाईचं मला ठाऊक नाही. पण हवामान बिघडलं की लष्कराचं काय होतं, ते वर्दीत असताना एका बाजूने पाहिलं आणि इथे आल्यावर दुसऱ्या बाजूने. त्यातून जे समजलं ते लिहून ठेवतो.

१. जवान एकाच वेळी दोन ठिकाणी उभा राहत नाही

२०१९ चा पावसाळा आठवा. २७ जुलैच्या पहाटे बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस जागीच अडकली. गाडीत हजारावर माणसं, त्यांत नऊ गरोदर बायका. एनडीआरएफच्या बोटी, नौदलाचे पाणबुडे, हवाई दलाची हेलिकॉप्टर, लष्कराच्या तुकड्या असं सगळं बळ एका गाडीसाठी लागलं आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले. पुढच्याच आठवड्यात, ४ ऑगस्टला, खडवलीजवळच्या जू-नांदखुरीला पुराने वेढा घातला. तिथून हवाई दलाच्या एमआय-१७ ने माणसं उचलून आणली.

आता तारीख बघा. दुसऱ्याच दिवशी, ५ ऑगस्टला, संसदेत कलम ३७० चा निर्णय मांडला गेला. त्याआधीच केंद्रीय दलांचे हजारो जवान काश्मिरात हलवले होते आणि सरहद्दीवर डोळ्यांत तेल घालून पहारा होता. त्याच आठवड्यात कृष्णा-पंचगंगेने सांगली-कोल्हापूर बुडवलं, आणि तिथेही लष्कर, नौदल, एनडीआरएफ धावले.

फौज कुठे कमी पडली असं मी म्हणत नाही. दोन्हीकडे काम झालं. पण एनडीआरएफ हे काही आकाशातून पडलेलं वेगळं दल नाही. २००६ मध्ये ते उभं राहिलं तेव्हापासून त्यातली माणसं सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आयटीबीपी अशा दलांतून काही वर्षांसाठी येतात. आपल्या भागाला लागणारी पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. तिथला जवान काल आपल्या मूळ दलात बंदूक घेऊन उभा होता आणि उद्या पुन्हा तिथेच जाणार आहे. हेलिकॉप्टरच्या उड्डाणाचा तास आणि पायलटची झोप एकदाच खर्च होते. बचावकार्यात जवान मरतोही: जून २०१३ मध्ये उत्तराखंडात गौरीकुंडजवळ एमआय-१७ कोसळलं, त्यात हवाई दल, आयटीबीपी आणि एनडीआरएफचे मिळून वीस जण गेले. हवामानाची आघाडी उघडली, तरी तिच्यावर लढायला माणसं याच दलांतून येतात.

२. पहिला तास गावाचा

बोट ट्रकवर चढवायची, इंजिन जोडायचं, रस्ता शोधत यायचं, याला वेळ लागतो. तोवर दोरखंड, ट्रकच्या ट्यूब आणि पोहणारी पोरं हीच फौज. महालक्ष्मीच्या वेळीही आसपासचे गावकरी आधीपासून पाण्यात होते. आमच्या भागातला कातकरी तरुण ओढ्याचं पाणी जसं वाचतो, तसं वाचायला आम्हाला खडकीत शिकवावं लागायचं. त्याच्या हातात लाइफ जॅकेट द्यायला फार पैसे लागत नाहीत.

३. रसदेची वाट जिथून जाते, तिथे खरी सरहद्द

फौजेत पहिला धडा हाच असतो: शत्रूची तोफ नंतर बघा, आधी त्याचं पाणी, दारूगोळा आणि रस्ता बघा. हा धडा घेऊन मी आमचा तालुका बघतो तेव्हा जरा दचकतो. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापुरात किंवा त्याच्या शेजारी. तानसा तर १८९२ पासूनचं. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा. तानसा-वैतरणाचं पाणी उतारानेच जातं. भातसाचं मात्र नदीतून पिसे इथे येतं आणि तिथे पंपाने उचलावं लागतं, म्हणजे पाण्याच्या जोडीला विजेचीही रसद आली. कुलाब्याच्या लष्करी वसाहतींचे नळही याच जाळ्यावर. शिवाय मुंबई-नाशिक महामार्ग आणि कसारा घाटाची रेल्वे इथूनच, आणि घाट चढलं की देवळालीची तोफखान्याची छावणी.

ही वाट तोडली तर काय होतं हे आमच्या डोंगरांनी एकदा पाहिलंय. १९४२ मध्ये भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत कारखान्यांची वीज तुटली, म्हणून इंग्रज सरकार हात धुवून मागे लागलं. २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मूठभर माणसांनी करवतीने केलेलं ते काम होतं, स्वातंत्र्यासाठी.

आज तेवढंच नुकसान एका रात्रीच्या पावसाने होतं. जुलै २०२१ मध्ये उंबरमाळी स्टेशनात फलाटापर्यंत पाणी चढलं, कसारा घाटात रुळांवर दरड आली, नाशिककडची वाहतूक थांबली. जुलै २०२४ मध्ये आटगावच्या पुढे रुळांवर माती आली आणि झाड पडलं, पुन्हा तेच. धरणाच्या दारावर बंदूकवाला पहारेकरी असतो. घाटातल्या दरडीवर पहारा कोण देणार?

४. वरच्या अंगाला असून भागत नाही

पाण्यावरून देशांत भांडणं होतील असं सांगताना तज्ज्ञ नकाशा दाखवतात: वरचा देश दांडगा, खालचा अगतिक. सिंधू करार १९६० चा. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला आणि खालच्या पाकिस्तानात खळबळ उडाली. ब्रह्मपुत्रेवर चीन तिबेटात महाकाय धरण बांधायला लागला, तेव्हा खाली आपण होतो आणि खळबळ आपल्याकडे होती.

शहापुरात हे गणित उलटं आहे. नदीच्या वर आम्ही, धरण आमच्यात, जमिनी आमच्या गेल्या, आणि मार्च उजाडला की टँकरची वाट बघणारे पाडेही आमचेच. जलवाहिनीच्या कडेने डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या बायकांचे फोटो दर उन्हाळ्यात छापून येतात. त्यात अतिशयोक्ती नाही. मुरबाडात काळू धरणाला लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला तो याच अनुभवातून. नदीच्या वर कोण आणि खाली कोण यावर काहीच ठरत नाही, ताकद कुठे आहे यावर ठरतं. म्हणून पाण्यावरून लढाया होतीलच असं सांगणाऱ्याला मी म्हणतो, आधी शहापूरला ये. इथे पाणी गेलं, लढाई झाली नाही. मोर्चे निघाले, रास्ता रोको झाले, आणि लोक बांधकामावर, वीटभट्टीवर निघून गेले. उन्हाळा वाढत गेला तर एवढ्यावरच थांबेल का, हे मात्र मी छातीठोक सांगणार नाही.

५. बर्फ वितळतो तिकडे, तार येते इकडे

आता तार नाही, फोन येतो. पण घरातलं वातावरण तसंच. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनला सोनम चौकीवर हिमकडा कोसळला, त्यात सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले सुनील सूर्यवंशी गेले. बर्फाच्या त्या मुलखात शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने आणि हिमकड्यांनी जास्त माणसं खाल्ली आहेत. एकेका दुर्घटनेचं खापर हवामानबदलावर फोडणं बरोबर नाही. पण बर्फ आता पूर्वीच्या वेळापत्रकाने वागत नाही, हे तिकडून आलेला कुठलाही जवान सांगेल.

सिक्कीमची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं तळं फुटलं. तीस्तेच्या लोंढ्याने चुंगथांगचं १२०० मेगावॅट प्रकल्पाचं धरण उखडलं, आणि खाली बारडांगला लष्कराच्या गाड्या चिखलात गाडल्या गेल्या. तेवीस जवान बेपत्ता झाले. लोंढ्याबरोबर दारूगोळाही वाहून गेला. खाली जलपायगुडी जिल्ह्यात नदीकाठी सापडलेला मॉर्टरचा गोळा कुणी घरी नेला, तो फुटला आणि जीव गेले. नदीकाठचं काही उचलू नका, अशी दवंडी पिटायची वेळ आली. दारूगोळ्याचं कोठार कुठे असावं याचे आमचे नियम आग, ठिणगी आणि शत्रूचं विमान धरून लिहिलेले. वरचं तळं फुटेल हा धोका त्यांत नव्हता.

६. १९७२ मध्ये वाचवलं, ते बंदुकीने नव्हे

सीरियात २००६ नंतर सलग काही वर्षं मोठा दुष्काळ पडला, खेडी ओस पडली, माणसं शहरांच्या कडेला गोळा झाली, आणि २०११ मध्ये यादवी पेटली. यादवीत दुष्काळाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला प्रश्न वेगळा पडतो. १९७२ चा महाराष्ट्राचा दुष्काळ काही लहान नव्हता, मग इथे तसं का झालं नाही?

कारण खडी फोडायला का होईना, काम मिळालं. त्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामं लाखो हातांना पुरली, आणि वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला. उपाशी माणसाच्या हातात कुदळ आली, की दुसरं काही द्यायला येणाऱ्याला तो दारात उभं करत नाही. आफ्रिकेतलं चाड सरोवर आक्रसलं त्या मुलखात बोको हराम या अतिरेकी संघटनेला पोरं मिळाली, त्यामागे तिथे दुसरं कुणी काही द्यायला नव्हतं हेही एक कारण. रोजगार हमीचा खर्च संरक्षणाच्या पुस्तकात कुणी मांडत नाही. मी मांडला असता.

आमच्याकडे याची एक वेगळी बाजू आहे. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस क्यार वादळाच्या पावसाने कापून ठेवलेला भात शेतातच भिजला, दाण्यांना कोंब आले. असं एखादं वर्ष गेलं की माळशेजच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या पोरांची रांग लांबते. भरतीला पोरं येतात याचा मला आनंदच आहे. पण अग्निपथ भरतीच्या नियमाने चार वर्षांनी चारांतला फार तर एकच कायम होतो. उरलेले तिघे त्याच कोंब आलेल्या भातावर परत येणार.

७. दिल्लीचं म्हणणं

१३ डिसेंबर २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हवामानाला सुरक्षेच्या चौकटीत आणणारा ठराव आला. आयर्लंड आणि नायजर यांनी तो मांडला होता. रशियाने नकाराधिकार वापरला, भारतानेही विरोधात मत दिलं. मला ते पटलं. ज्यांनी दोन शतकं धूर सोडला त्यांनीच पाच खुर्च्यांवर बसून गरीब देशांवर पहारा ठेवायचा, हा न्याय नव्हे. शिवाय लष्करांच्या विमानांचा आणि जहाजांचा धूर मोजून जाहीर करणं आजही बंधनकारक नाही. परिषदेत 'नाही' म्हटलं तरी हवामानाचा आणि सुरक्षेचा हिशोब घरात मांडणं चुकत नाही, एवढंच.

८. पुलाची उंची कुणी ठरवली ते विचारा

पूल बांधताना आम्ही आधी काठावरच्या म्हाताऱ्याला विचारायचो, सगळ्यांत मोठं पाणी कुठवर आलं होतं? आता त्या उत्तराचा भरवसा उरला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

कल्याणहून मुरबाडला येताना रायत्याला उल्हास ओलांडावी लागते. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी तिथे पाणी चढलं आणि मुरबाडची सरळ वाट तुटली. टिटवाळ्याकडून फिरावं तर रुंद्याला काळू नदी आडवी. म्हणजे मुंबईहून मदतीला निघालेला ट्रक नेमका त्याच दिवशी पोचू शकत नाही ज्या दिवशी तो हवा असतो. मग हेलिकॉप्टर मागवायचं, आणि ढग खाली आले असतील तर तेही नाही. ग्रामसभेत मी दरवेळी हेच मांडतो: नवा पूल, नवी मोरी मंजूर होताना पूररेषा कुठल्या सालापर्यंतचा पाऊस धरून काढली, ते कागदावर दाखवा. एवढ्या साध्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नाही.

मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर रेल्वेचे तीन पादचारी पूल लष्कराकडून बांधून घेतले, त्यातला एक आमच्याच कसारा लाइनवर आंबिवलीला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो सुरू झाला. आमच्या सॅपर्सचं काम, वेळेत आणि चोख. त्यावरून जाताना मान ताठ होते हे खरं; पण तो पूल लष्कराने बांधायचा नव्हताच.