मार्सेल्स: एका बंदराची वस्ती आणि नगरकारभार

भूमध्य समुद्राच्या उत्तर कांठावर, फ्रान्स देशाच्या दक्षिणेस, मार्सेल्स हें बंदर वसलेलें आहे. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकिया नगरींतून आलेल्या ग्रीक लोकांनीं तें वसविलें. महाराष्ट्रीय वाचकांस या बंदराचें नांव अपरिचित नाहीं. ८ जुलै १९१० रोजीं विनायक दामोदर सावरकर यांनीं 'मोरिया' बोटीवरून येथेंच समुद्रांत उडी घेतली. पुढें 'मेयर' या पदास 'महापौर' हा मराठी शब्द त्यांनींच दिला. मार्सेल्सचा महापौर कोणाचा कारभार पाहतो आणि त्यास कोण निवडतें, याचा विचार येथें करूं.

प्रथम वस्ती पाहूं. १८०१ सालीं या शहरांत सुमारें १ लाख ११ हजार लोक राहत. १९०१ सालीं हाच आंकडा ४ लाख ९१ हजारांच्या घरांत गेला. आगबोटींचा प्रसार, अल्जीरियाशीं वाढलेला संबंध आणि १८६९ सालीं खुला झालेला सुवेझचा कालवा, हीं या वाढीचीं मुख्य कारणें होत. गोदीवर व कारखान्यांत काम करण्यास इटालियन मजूर आले. पहिल्या महायुद्धानंतर आर्मेनियन निर्वासित आले. १९६२ सालीं अल्जीरिया स्वतंत्र होतांच तेथील युरोपियन कुटुंबें बोटी भरभरून येथें उतरलीं. उत्तर आफ्रिकेंतील व कोमोरो बेटांतील लोकही येथें मोठ्या संख्येनें स्थायिक झाले आहेत. १९७५ सालीं लोकसंख्या ९ लाखांवर गेली. पुढें जुने धंदे बसले, लोक आसपासच्या गांवीं राहावयास गेले, आणि १९९० सालीं ती सुमारें ८ लाखांवर उतरली. त्यानंतर पुन्हां वाढ होऊन २०२१ सालीं ती पावणेनऊ लाखांच्या आसपास होती. लोकसंख्येनें फ्रान्समध्यें पॅरिसखालोखाल याच शहराचा क्रम लागतो.

या आंकड्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. १९३६ च्या शिरगणतींत मार्सेल्सची लोकसंख्या ९ लाख १४ हजार नोंदली गेली. १९४६ सालीं ती ६ लाख ३६ हजारच भरली! मध्यंतरीं महायुद्ध झालें, आणि १९४३ च्या आरंभीं जर्मन सैन्यानें जुन्या बंदरालगतची वस्ती रिकामी करवून सुमारें दीड हजार इमारती सुरुंगांनीं उडविल्या, हें खरें. पण तेवढ्यानें एवढी तूट होत नाहीं. युद्धापूर्वींची गणतीच फुगविलेली होती. पाणी किती आणावें, शाळा किती बांधाव्या, हें जर माणसांच्या संख्येवरून ठरावयाचें, तर खोटी गणती म्हणजे साऱ्या कारभाराचा पायाच डळमळीत.

नगरसभेनें मनांत आणिलें तर काय घडूं शकतें, याचें उत्तम उदाहरण याच शहरांत आहे. १८३४-३५ सालीं कॉलऱ्याच्या साथीनें शहर हवालदिल झालें; पाण्याचा दुष्काळ तर नित्याचाच. तेव्हां महापौर कोन्सोला यांच्या वेळीं ड्युरान्स नदीचें पाणी कालव्यानें आणण्याचें ठरलें. माँरिशे नामक इंजिनियरनें तें काम हातीं घेतलें, आणि १८४९ सालीं नदीचें पाणी शहरांत खेळूं लागलें. हा खर्च शहरानें आपल्या माथीं घेतला होता.

याच्या उलट उदाहरण १९३८ चें. त्या वर्षीं २८ ऑक्टोबर रोजीं कानेबिएर या प्रमुख रस्त्यावरील एका मोठ्या दुकानास आग लागली. नगराचें अग्निशामक दळ अपुरें पडलें आणि ७३ माणसें प्राणास मुकलीं. त्यानंतर मार्च १९३९ मध्यें फ्रेंच सरकारनें लोकनियुक्त महापौराचे अधिकार काढून घेऊन शहरावर आपला कारभारी नेमला. आग विझविण्याचें काम त्याच वर्षीं आरमाराच्या खलाशांकडे सोंपविण्यांत आलें, आणि अद्यापही तें त्यांच्याचकडे आहे. महायुद्धानंतर लोकनियुक्त सभा परत आली. स्वराज्याचा हक्क हातीं असून कर्तव्याची हयगय झाली तर तो हक्क कसा गमवावा लागतो, हें यावरून दिसून येतें.

मार्सेल्सचा विस्तार सुमारें २४० चौरस किलोमीटर, म्हणजे पॅरिसच्या दुपटीहून अधिक आहे. एवढ्या पसाऱ्यास एकच कचेरी कशी पुरावी? म्हणून शहराचे १६ भाग पाडले आहेत. ३१ डिसेंबर १९८२ च्या कायद्यानें या भागांचे विभाग केले गेले, आणि प्रत्येक विभागास स्वतःची सभा व स्वतःचा महापौर मिळाला; आतां दोन दोन भागांचा एक, असे ८ विभाग आहेत. मुख्य महापौरास लोक प्रत्यक्ष निवडीत नाहींत. नगरसभेचे सभासद त्यास निवडतात. या सभासदांची निवडणूक विभागवार होत असल्यानें १९८३ सालीं एक विलक्षण प्रकार घडला. गास्ताँ देफेर यांच्या पक्षास साऱ्या शहरांत प्रतिपक्षापेक्षां कमी मतें पडलीं. तरी जागा अधिक मिळाल्यानें महापौरपद त्यांच्याचकडे राहिलें. तो कायदा देफेर हे गृहमंत्री असतांनाच झाला होता, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. अखेर ऑगस्ट २०२५ मध्यें कायदा बदलला: २०२६ पासून विभागसभेसाठीं व नगरसभेसाठीं मतदारानें वेगवेगळें मत द्यावयाचें, आणि नगरसभेसाठीं सारें शहर हा एकच मतदारसंघ मानावयाचा, असें ठरलें. २०१६ पासून मार्सेल्ससह आसपासचीं मिळून ९२ गांवें व शहरें एका महानगर-मंडळांत सामील झालीं असून वाहतूक, पाणी, कचरा यांसारखीं कामें त्या मंडळाकडे आहेत.

सत्ता नागरिकाच्या जवळ असावी कीं मोठी कामें पेलण्यासाठीं एकवटलेली असावी, हा वाद तेथें अद्याप मिटलेला नाहीं. ५ नोव्हेंबर २०१८ रोजीं शहराच्या मध्यवस्तींतील ओबान्य रस्त्यावर जीर्ण घरें कोसळून ८ जण दगावले, तेव्हां धोक्याच्या घरांची दाद कोणी घ्यावयाची होती, हाच प्रश्न लोकांनीं रस्त्यांवर येऊन विचारला.

विद्यार्थिमित्रहो, नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत नगरसभेचीं कलमें पाठ करावयाचीं असतात. पण प्रत्येक कलमाच्या मागें कोणाच्या तरी घरची तहान, कोणाच्या तरी घरची आग आणि कोणाचें तरी पडकें छप्पर असतें. आपल्या गांवची नगरपालिका काय करते, हें आपल्या वडीलधाऱ्यांस विचारा. आणि मतदानाचें वय येईल त्या दिवशीं तें उत्तर विसरूं नका.