ट्रेलरची लांबी आणि तळावरील जागा

निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेला ट्रेलर मोटारीस जोडून सहलीस निघण्याची प्रथा अमेरिकेत चांगलीच रुळलेली आहे. तेथील राष्ट्रीय उद्यानांत मुक्कामाची जागा आगाऊ राखून ठेवताना वाहनाच्या लांबीची कमाल मर्यादा फुटांत दिलेली असते. ती नीट न वाचल्यास शेकडो मैल दूरवरून आलेल्या कुटुंबास स्वतःच्याच जागेत उतरता येत नाही, आणि ऐन हंगामात दुसरी जागा मिळणेही दुरापास्त होते.

मर्यादेचे मूळ

मोटारी वाटेल तेथे उभ्या राहिल्याने माती दबते, मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते आणि झाडे खंगतात, याकडे वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. पी. माइनेके यांनी लक्ष वेधले. १९३२ साली त्यांनी सुचविलेल्या रचनेत एकेरी वाहतुकीचा वळणदार रस्ता आणि त्यास जोडलेले, प्रत्येक कुटुंबासाठी एक, असे आखूड फाटे होते. त्या दशकात याच धर्तीवर अनेक तळ उभारण्यात आले. पुढे ट्रेलर लांबत गेले. फाटे व भोवतालची झाडे मात्र जागच्या जागी राहिली.

आकडा कसा वाचावा

योसेमिटी उद्यानातील अपर पाइन्स तळावर मोटारघरास ३५ फूट, तर ट्रेलरला २४ फूट अशी मर्यादा आहे. मोटारघर एकसंध असते. ट्रेलर मागे घेताना मात्र तो सांध्यापाशी दुमडतो, त्यास वळण्यास अधिक वाव लागतो आणि ओढणारी मोटारही उभी करावयाची असते.

लांबी मोजावयाची ती जोडदांड्याच्या टोकापासून मागील शेवटच्या टोकापर्यंत. समजा, खोलीचा भाग २२ फूट, दांडा ३ फूट आणि मागे सायकलींची चौकट २ फूट. तर ट्रेलर २७ फुटांचा झाला व २४ फुटांच्या जागेस अपात्र ठरला. काही ठिकाणी मोटार धरून एकूण लांबी विचारतात. म्हणून मर्यादा कशाची, हे प्रथम पाहावे.

वाटेचाही विचार हवा. ग्लेशियर उद्यानातील गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या घाटभागात ट्रेलर धरून २१ फुटांहून लांब वाहनांस मनाई आहे.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले आहे. गावाच्या हद्दीत असा तळ आखताना प्रवेशाचा रस्ता, सर्वांत अरुंद वळण व प्रत्येक जागेची प्रत्यक्ष लांबी आधी मोजावी. फलकावर आकड्यासोबत तो कशाचा, हेही स्पष्ट लिहावे. त्यामुळे प्रवाशाची परवड टळेल आणि गावची झाडेही सुरक्षित राहतील.