इंजीन हवा कोठून घेते?

एक लिटर पेट्रोल जाळायला किती हवा लागते, असे विचारले तर तुम्ही काय सांगाल? १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास; म्हणजे त्याला ११ किलो हवा हवी. तिचे आकारमान भरते सुमारे ९ घनमीटर! तीन मीटर लांब, तितक्याच रुंद व उंच खोलीतील सगळी हवा अवघ्या तीन लिटर पेट्रोलपायी खर्ची पडेल.

जुन्या मोटारीत हे प्रमाण कार्बुरेटर सांभाळतो. त्याच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाताना हवेचा दाब घटतो व जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते. मात्र चोरवाटेने इंजीनात शिरणाऱ्या हवेबरोबर पेट्रोल येत नाही.

आता १०८९ घ. सें. मी. इंजीनाची जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊ. (मुंबईतील या टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाल्या, हौसेने जपलेल्या काही गाड्या अजून दिसतात.) पळताना गाडी ठीक असते, पण सिग्नलला थांबली की इंजीन अडखळून बंद पडते. दोष कसा शोधायचा?

इंजीन गरम असताना चोक थोडा ओढून पाहावा. चोकची झडप हवेची वाट अडवते, त्यामुळे मिश्रणात पेट्रोल वाढते. इंजीन जास्तच गुदमरले व काळा धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त होते. मग प्रथम हवेचा फिल्टर उघडावा. बिचाऱ्या कार्बुरेटरला उगाच बोल लावला जातो, आणि बुजलेला असतो फिल्टर! पण चोक ओढताच इंजीन सुधारले, तर पेट्रोल कमी पडत होते किंवा हवा जास्त होत होती.

यांपैकी कोणते? येथे खरी गंमत आहे. गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. त्याच्या पलीकडच्या नळीत दाब बाहेरच्या निम्म्याहूनही कमी असतो. गॅस्केटमध्ये बारीकशी फट असली, तरी तिथून हवा जोराने आत घुसते. आणि मुळात लागणारी हवाच थोडी असल्याने हा वाटा मोठा ठरतो. वेगात तोच वाटा नगण्य होतो. पेट्रोल पंप कमजोर असेल किंवा जाळीत कचरा असेल, तर नेमके उलट घडते: उभी गाडी शांत चालते, चढावर मात्र दम तोडते. आपली पद्मिनी उभ्यानेच बंद पडते, म्हणून संशय फटीवर. (मंद गतीचा वेगळा जेट बुजला तरी हेच लक्षण दिसते, तो आधी साफ करून घ्यावा.)

रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यांवरून फिरवले, की फटीपाशी फुसफुस ऐकू येते. हे काम उघड्या जागेत व जाणत्या माणसाबरोबरच करावे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि फिरता पंखा बोटे ओळखत नाही. फट शोधण्यासाठी सांध्यावर पेट्रोल तर कधीच शिंपडू नये.

पुष्कळदा स्क्रू पिळून इंजीनाची मंद गती वाढवून देतात. गाडी बंद पडत नाही; पण फट तशीच राहते. नवे गॅस्केट बसवण्यापूर्वी कार्बुरेटरच्या तळावर पोलादी पट्टी उभी धरून पाहावी. बोल्ट अती आवळल्याने तळ वाकला असेल, तर पट्टीखालून उजेड दिसतो. तो तळ सपाट केल्यावाचून नवे गॅस्केटही टिकणार नाही.