पोरीचा खर्च

आरमोरी

चि. बापू यास,

परवा फोनवर तू म्हणालास, "पोरगी आजीकडं आहे, तिथं तिला काय कमी आहे?" घरात पाहुणे होते म्हणून तेव्हा गप्प बसलो.

धानोऱ्याला तिला कमी पडत नाही, कारण तुझ्या सासूबाई स्वतःचं कमी करतात. तेंदूचा हंगाम असतो जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे जंगल गाठायचं, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. जितके पुडे तितके पैसे. यंदा पोरीला ताप होता, तिला टाकून म्हातारी जाणार कशी? बुडालेली मजुरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भरून निघत नाही. दिवाळीला तू पाठवलेला फ्रॉक छान होता, पण त्यानं औषधाचं बिल भागत नाही.

आजी सांभाळते ती मायेनं. म्हणून बापाची जबाबदारी तिच्याकडं गेली असं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (१ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या कायद्यातलं कलम १२५ होतं) सगळ्या जातीधर्मांना सारखं लागू आहे. ऐपत असून बाप अज्ञान लेकराला पोसत नसेल, तर लेकराच्या वतीनं त्याला सांभाळणारं माणूस न्यायदंडाधिकाऱ्याकडं अर्ज करू शकतं. बाई, बालक, आदिवासी यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील फुकट देतं. अर्जाच्या तारखेपासूनची रक्कम द्यावी असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय. हुकूम होऊनही थकवलंस तर वॉरंट निघतं, तुरुंगही घडतो, आणि तुरुंग भोगून थकबाकी फिटत नाही. सासूबाई कोर्टात जायच्या नाहीत, हे तुला ठाऊक आहे. त्याचाच फायदा तू घेतो आहेस, असं मला वाटतं. कडू लागेल, पण लिहितो.

पोरीची आई गेल्यावर दुसरा संसार मांडलास, बरं केलंस. कोर्टही रक्कम ठरवताना तो धरेल. पण "पोरगी माझ्याकडं पाठवा, मग खर्च करतो" ही अट सोड. मेव्हण्याशी तुझं जमिनीवरून बिनसलं, त्यात सहा वर्षांच्या पोरीचा काय संबंध?

पगार सात तारखेला होतो ना? आठला तिच्या नावच्या पोस्टातल्या खात्यात पैसे गेले पाहिजेत, मागायची वेळ न आणता. किती, ते सासूबाईंना विचारून ठरव. मला मध्ये घालू नकोस.

आणखी एक. आई गेलेल्या लेकरासाठी सरकारची सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. अर्ज गडचिरोलीच्या महिला व बालविकास कार्यालयात होतो, मंजुरी बाल कल्याण समिती देते. हे पैसे तुझ्या वाट्यातून वजा करायचे नाहीत. तिच्या आईच्या मृत्यूचा दाखला तुझ्यापाशी आहे. त्याच्या दोन प्रती काढून या आठवड्यात धानोऱ्याला पाठव.

तुझा,
मामा