शब्दांकित स्वर : मारँ मारे यांची एक व्हायोल-रचना

व्हायोल हे पायांमध्ये धरून गजाने वाजवावयाचे तंतुवाद्य. फ्रेंच रचनाकार मारँ मारे (१६५६–१७२८) यांच्या व्हायोल-रचनांच्या पाचव्या ग्रंथात (१७२५) एक छोटी रचना आहे. तिचा विषय संगीतास सर्वस्वी अपरिचित : मूतखड्याची शस्त्रक्रिया. स्वरलिपीसोबत मारे यांनी त्रोटक वाक्ये छापली आहेत. शस्त्रक्रियेची सिद्धता पाहून उठलेला शहारा, वर चढण्याचा निर्धार, हातपाय रेशमाने जखडणे, छेद, चिमट्याचा प्रवेश, खडा ओढून काढणे, जवळजवळ लोपलेला आवाज, वाहणारे रक्त आणि अखेर बिछाना. ईथरची भूल प्रचारात आली ती १८४६ नंतर. हा रुग्ण अर्थातच सर्व काळ जागा आहे.

ही वाक्ये मोठ्याने वाचावयाची, की वादकाने मनात धरावयाची? अलीकडे पुष्कळदा निवेदक योजला जातो. श्रोत्याची त्यामुळे सोय होते, रचनेची होतेच असे नाही. मानवी कंठाशी जवळीक असलेले वाद्य अशी त्या काळी व्हायोलची ख्याती होती. आवाज खचण्याचा क्षण मारे यांनी सोपविला आहे तो नेमका या वाद्याकडे. त्याच वेळी निवेदकाचा धडधाकट स्वर उमटला, तर खचलेला आवाज ऐकावयाचा कोणाचा?