टायर झिजतो, मग रबर जाते कुठे?

मांजरसुंब्याचा घाट उतरताना एस. टी.चा चालक ब्रेक दाबतो. टायर व रस्ता यांतील घर्षणामुळे गाडी आवरते. त्या वेळी टायरचा रस्त्याला टेकलेला भाग किंचित घसरतो आणि रबराचे कण सुटतात. वळताना व चढ चढतानाही हेच घडते.

ही झीज प्रयोगशाळेत कशी मोजतात? १६ मिलिमीटर व्यासाचा रबराचा छोटा दंडगोल घेतात. १५० मिलिमीटर व्यासाच्या फिरत्या रुळावर पॉलिश पेपरासारखे खरखरीत कापड लावलेले असते. नमुना त्यावर १० न्यूटन बलाने दाबून ४० मीटर घासतात. आधी व नंतर वजन करतात. समजा, ०.११५ ग्रॅम घट झाली आणि रबराची घनता दर घन सेंटिमीटरला १.१५ ग्रॅम आहे. तर झीज ०.१ घन सेंटिमीटर. निरनिराळ्या रबरांची घनता वेगळी असते, म्हणून तुलना आकारमानाची करतात.

आता मोटारीचा टायर घ्या. घेर १८० सें.मी., रुंदी १५ सें.मी., झीज ०.६ सें.मी. गुणाकार १६२० घन सें.मी. खाचांची एक तृतीयांश जागा वजा केली, तर १०८० उरतात. म्हणजे सुमारे सव्वा किलो रबर. चार टायरांचे पाच किलो!

यातले थोडे हवेत तरंगते. बरेचसे रस्त्याकडेला साचते. बीड शहरात पावसाच्या पाण्याबरोबर ते बिंदुसरेत, तेथून सिंदफणेत आणि पुढे गोदावरीत जाऊ शकते.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील ओढ्यांत पावसानंतर कोहो सामन मासे मरत. त्याचे कारण २०२० मध्ये उलगडले. ओझोनमुळे टायरला भेगा पडू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी हे रसायन घालतात. ओझोनशी त्याची क्रिया होऊन या माशांना मारक असे क्विनोन बनते. माशांच्या जातीनुसार हा परिणाम फार बदलतो. म्हणून आपल्या नदीविषयी घाईने निष्कर्ष काढू नका. रुळावरचा प्रयोग रबर किती झिजले एवढेच सांगतो. झिजलेल्या रबराचे पुढे काय होते, हे पाण्याची व सजीवांची तपासणी करूनच कळते.

करून पहा : शाळेतील व्हर्नियर कॅलिपरच्या खोली मोजण्याच्या पट्टीने, उभ्या असलेल्या गाडीच्या टायरच्या खाचा मध्यभागी व दोन्ही कडांना मोजा. दर महिन्याला खोली व धावलेले किलोमीटर वहीत लिहा. दोन्ही कडा जास्त झिजत असतील, तर बहुधा हवा कमी आहे. मध्यभाग झिजत असेल, तर जास्त. हवा योग्य ठेवली, तर टायर जास्त टिकेल आणि नदीकडे जाणारे रबरही कमी होईल.